अर्धायुष्याची सिनियॉरिटी लिस्ट

आमच्या ह्यांना डाव्या डोळ्याने काही दिसत नव्हतं, आणि उजव्याने जे दिसायचं ते तिथे नसायचं. आमच्या टीव्हीशेजारी निर्मल गावच्या खेळण्यांतला एक लाकडी पोपट आहे. वीस वर्षं तो तिथेच बसून आहे. आषाढात एका सकाळी ह्यांनी त्याच्यापुढे हिरवी मिरची ठेवली आणि संध्याकाळी मला म्हणाले, "अवं दमयंती, पोपट खाऊन नाई राह्यला. आजारी दिसते."

पोपटाची तब्येत उत्तम होती. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, आणि ऑपरेशन करून घ्या म्हणून मी दीड वर्ष कानीकपाळी ओरडत होते.

हे म्हणजे नरसिंगराव. वय बहात्तर. तेलंगणातल्या उटनूरच्या कचेरीतून गिरदावर म्हणून निवृत्त झाले. गावोगावच्या जमिनीच्या नोंदी तपासत फिरायचं, हे त्यांचं काम. मी इथल्याच मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे एकच गोष्ट शंभर वेळा सांगायची मला सवय आहे आणि एकशे एकाव्या वेळेला डोकं फिरायचीही. मिरचीच्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी सरळ आदिलाबादला फोन लावला आणि सप्टेंबरातल्या डोळ्यांच्या शिबिरात ह्यांचं नाव घातलं. हे कुरकुरत का होईना, हो म्हणाले. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात आमच्या घरात अणू आला.

अणू आणला आमच्या नातीने. आरोही हैदराबादला हॉस्टेलात राहून इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे आणि गणपतीला चार दिवस आली होती. तिला मोठ्याने बोलून अभ्यास करायची सवय आणि ह्यांना कोणाच्याही बोलण्यात नाक खुपसायची. ओसरीत बसून ती म्हणाली की अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, आणि बाहेर इलेक्ट्रॉन फिरतात.

"म्हनजे कचेरी," हे म्हणाले.

"नाही हो आजोबा, अणू."

"तेच तं. मधात कचेरी. प्रोटॉन म्हनजे चार्ज असलेले साहेब लोकं. न्यूट्रॉन म्हनजे बिनचार्जचे, पोस्टिंगची वाट पाहून राह्यलेले. अन् इलेक्ट्रॉन फिरतीवर. कवा इचारा, साहेब दौऱ्यावर गेले, नेमके कुठं हायेत कोनालेच मालूम नाई."

आरोही विचारात पडली. मग तिने कबूल केलं की इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे हे खरंच सांगता येत नाही. त्यावर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, म्हणजे माझ्याकडे समजून पोपटाकडे पाहिलं, की जणू शोध ह्यांनीच लावला.

ती म्हणाली, अणू जर उटनूर गावाएवढा मानला, तर केंद्रक बसस्टँडवर पडलेल्या एका चिंचोक्याएवढं. बाकी सगळं रिकामं. "कचेरीत बी तसंच," हे म्हणाले. ती म्हणाली, प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. हे म्हणाले, दोन साहेब एका कचेरीत कधी नांदले का? ती म्हणाली, न्यूट्रॉन मध्ये असतात म्हणून केंद्रक टिकतं, पण युरेनियमसारख्या जड केंद्रकात फार गर्दी होते आणि ते अधूनमधून फुटतं. कधी दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन मिळून एकदमच बाहेर पडतात. त्याला अल्फा म्हणतात.

"एका ऑर्डरीत चौघांची बदली."

कधी एखादा न्यूट्रॉन स्वतःच प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. ते बीटा.

"बिनचार्जवाल्याले चार्ज भेटला का तो पयले कोनाले तरी बाहीर फेकतेच."

आणि कधी कोणीच जात नाही, नुसती ऊर्जा बाहेर पडते. त्याला गॅमा म्हणतात.

"साहेबानं नुसता आरडाओरडा केला. स्टाफ तेवढाच."

मला हसू आवरेना. आरोही तर वहीत लिहून घ्यायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले, आणि तिथेच माझं चुकलं, कारण त्यानंतर ती अर्धायुष्यावर आली. आतून मला तुकडे तुकडे ऐकू येत होते. आयोडीनच्या एका जातीचं अर्धायुष्य आठ दिवस, रेडियमचं सोळाशे वर्षं. तेवढ्या काळात असतील त्यातले निम्मे अणू फुटतात. पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्यातले निम्मे. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, पंचविसाचे साडेबारा.

"साडेबारा कसे? अर्ध्या मानसाची बदली होते का?"

"आजोबा, हे कोट्यवधी अणूंचं असतं. मोठ्या गर्दीलाच लागू पडतं."

हे वाक्य ह्यांनी ऐकलं नाही. मी पैजेवर सांगते. कारण कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि भाकरी उलटून मी बाहेर येईपर्यंत ह्यांनी तो फोटो काढला होता.

फोटो ६ सप्टेंबर १९७६ चा. त्या दिवशी उटनूरच्या कचेरीत सोळा तरुण एकदम नोकरीला लागले, त्यांचा कचेरीच्या व्हरांड्यातला. खाली सोळा नावं, रुजू झाल्याच्या क्रमाने. ह्यांचं अकरावं. बारावं नाव भैंशाच्या सुधाकररावांचं. हे सकाळी साडेदहाला रुजू झाले, म्हणजे कागदावर फोरनून. सुधाकररावांची बस भैंशाहून उशिरा आली, ते दुपारी पोचले, म्हणजे आफ्टरनून. तेव्हापासून हे सुधाकररावांपेक्षा अर्ध्या दिवसाने सीनियर. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण त्या अर्ध्या दिवसावरून दोघे एकोणपन्नास वर्षं भांडले. सुधाकररावांनी कलेक्टरपर्यंत अर्ज केले की बस बंद पडली यात माझा काय कसूर. प्रमोशन पहिलं ह्यांना मिळालं, तर ते सत्काराला आले आणि पेढा न खाता गेले. दोघे जिवाभावाचे मित्र आहेत, हेही सांगायला हवं. दर रविवारी फोन असतो.

हे फोटोवर बोट फिरवत राहिले. दिसत तर काही नव्हतं, पण कोण कुठे उभा आहे हे पाठ होतं.

"आरोही, लिही. दोन हजार तेराच्या दसऱ्याले आमी सोळाच्या सोळा होतो. दोन हजार सोळाच्या दसऱ्याले किती? आठ. एकोनीसले?"

मला आठवत होतं. चार.

"बावीसच्या दसऱ्याले दोन. मी अन् सुधाकर. तीन-तीन सालानं निम्मे. आता पंचवीस साल हाय." हे अगदी शांतपणे म्हणाले. "या दसऱ्यापर्यंत दोनाचा एक होनार."

आरोहीचा चेहरा उतरला. ती आजोबांना समजावत राहिली की माणसं म्हणजे अणू नव्हेत, पण ह्यांचं गणित तिचंच होतं आणि बरोबर जुळत होतं. दुसऱ्या दिवशी ती हैदराबादला गेली. जाताना मला म्हणाली, "आजी, मी पुन्हा मोठ्याने अभ्यास करणार नाही."

त्या दिवसापासून ह्यांनी शिबिराला जायचा विचार सोडला. काऊन, म्हणून विचारलं तर म्हणे, "भंगारात जानाऱ्या गाडीले नवी काच कोन बसवते?" मी म्हटलं, दोघांतला एक जाणार असं तुमचंच गणित सांगतं, मग तो तुम्हीच कशावरून? त्यावर हे माझ्याकडे दयेने पाहायला लागले. निदान त्या दिशेने तरी.

"अवं, सिनियॉरिटी."

मी कपाळाला हात लावला. पस्तीस वर्षं ह्या माणसाने बदल्या, बढत्या, रजा, क्वार्टर, पंख्याखालची खुर्ची, सगळं यादीप्रमाणे होताना पाहिलं होतं. मरण तेवढं बिनयादीचं असेल, हे ह्यांच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. आधीचे चौदा काही यादीप्रमाणे गेले नव्हते, हे मी दाखवून दिलं. सोळाव्या नंबरचा तर सर्वांत आधी गेला होता. त्यावर म्हणाले, "तो वशिल्यानं गेला."

रविवारी सुधाकररावांचा फोन आला तेव्हा ह्यांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. केंद्रक, अल्फा, बीटा, दसरा. मला वाटलं, सुधाकरराव तरी हसतील. पण ते म्हणाले, "मी उद्या लेखी कळवतो."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो आला. ह्यांना वाचता येईना, म्हणून मीच वाचून दाखवला. 'मी, सुधाकरराव, राहणार भैंसा, लिहून देतो की श्री. नरसिंगराव हे दिनांक ६-९-१९७६ रोजी फोरनूनमध्ये रुजू झाले असून ते मला अर्ध्या दिवसाने सीनियर आहेत. सदर सिनियॉरिटीबाबत माझी कसलीही हरकत नाही व यापुढे राहणार नाही. माझे पूर्वीचे सर्व अर्ज रद्द समजावेत.' खाली सही, आणि साक्षीदार म्हणून त्यांच्या सुनेचीही सही.

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाच पुन्ना," म्हणाले. मी पुन्हा वाचलं. एकोणपन्नास वर्षांनी सुधाकररावांनी कबूल केलं होतं. मरणाची ऑर्डर हातात धरून इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नाही. तो कागद मोठा छापून आणून फ्रेम करायचा, इथपर्यंत बेत गेला.

हसू येत होतं तरी मी घाबरले होते. सरळच सांगते. माणूस एकदा जायचं ठरवून बसला की जेवण कमी होतं, फिरणं बंद होतं, आणि मग खरंच काहीतरी होतं. हे दुपारी कॉटवर हात छातीवर ठेवून लांब पडायला लागले होते. मी विचारलं की झोपताय का, तर म्हणाले, "सराव करून राह्यलो." त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. तोंड धुतलं, पदर खोचला आणि प्रगतीला बोलावणं पाठवलं.

प्रगती माझी विद्यार्थिनी. तिचे वडील खुशालभाऊ जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले, पण पोरीला त्यांनी एक दिवस शाळा बुडवू दिली नाही. आता ती सरकारी हायस्कूलमध्ये फिजिकल सायन्स शिकवते आणि फटकळपणात माझ्याही वर आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, तेवढं मात्र मोठ्या मनाचं.

"बाई, चिंचोके पाह्यजेत. फोडलेले. साठ-सत्तर. अन् एक सूप."

चिंचोके म्हणजे बयनाबाई. ती आमच्या मागच्या गल्लीत राहते, ऐंशीला टेकलीय, आणि जंगलातली चिंच आणून फोडून विकते. पूर्वी ती कचेरीत रोजंदारीवर पाणी भरायची, झाडझूड करायची. तिच्याकडे निरोप गेला तशी ती स्वतःच सूप आणि चिंचोक्यांचा डबा घेऊन आली आणि उंबऱ्याशी ठाण मांडून बसली. काय चाललंय ते पाहिल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"काकाजी," प्रगती म्हणाली, "हे चौसष्ट अणू. सुपात घेऊन हलवायचे अन् चादरीवर टाकायचे. पांढरी बाजू वर आली तो फुटला, त्याले बाजूले काढायचं. काळी वर आली तो टिकला. एक टाकनं म्हनजे एक अर्धायुष्य. आता यातला तुमचा कोनता ते सांगा."

ह्यांना हे फार आवडलं. एका चिंचोक्याच्या दोन्ही अंगांना कुंकवाचा ठिपका लावून घेतला. तो हे. दुसऱ्याला हळद. तो सुधाकरराव.

बयनाबाईने सूप घोळलं. चिंचोके चादरीवर पसरले. प्रगतीने पांढरे वेचून काढले आणि उरलेले मोजले. तेहतीस. कुंकवाचा चिंचोका पहिल्याच फटक्यात बाहेर.

"म्या सांगतलं होतं," हे म्हणाले आणि कॉटकडे निघाले.

"बसा," मी म्हटलं. आवाज वर्गातला लागला. हे बसले.

दुसऱ्या खेपेला परत चौसष्ट. टाकले, उरले तीस. मग सोळा. मग सात. कुंकू होतंच. मग चार, मग दोन. कुंकवाचा चिंचोका आणि कुठलासा एक बेनाव. सुधाकरराव तिसऱ्याच टाकण्याला गेले होते, आणि ह्यांच्या तोंडावर क्षणभर जे हसू आलं ते मी पाहिलं. लगेच ह्यांनी खोकल्यासारखं केलं.

"आता दोनाचा एक होनार," हे म्हणाले.

बयनाबाईने टाकले. दोन.

"टाक अजून."

दोन.

"टाक."

दोनच. चादरीवर दोन काळे चिंचोके शेजारी शेजारी पडले होते. ह्यांना दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी चाचपून पाहिलं. चौथ्यांदा टाकले तर दोन्ही एकदमच पांढरे झाले.

"हे कसं? एक कुठं गेला?"

"दोनाचा एक झालाच पाह्यजे असं कुठं बंधन नाई, काकाजी. दोनाचे दोन राहतात. दोनाचा एक होते. दोनाचं शून्य बी होते. हिशोब गर्दीचा असते. चौसष्टातले निम्मे जानार हे जवळपास सांगता येते. पन हा जानार का तो, हे कोनालेच सांगता येत नाई."

"कोनाले तरी मालूम असनच," हे म्हणाले. "यादी कुठं असते?"

"यादी नसते."

"मंग ऑर्डर कोन काढते?"

"कोनीच नाई काढत."

हे हतबुद्ध झाले. "एवढं मोठं खातं," हे हळूच म्हणाले, "अन् त्याले बदल्या काढनारा इस्टॅब्लिशमेंट सेक्शन नाई?"

प्रगतीने मान हलवली. मग ती जे म्हणाली ते मला आयुष्यभर पुरेल. ती म्हणाली, अणू म्हातारा होत नाही. जमिनीत दोनशे कोटी वर्षं पडून असलेला युरेनियमचा अणू आणि कालचा अणू, दोघांचीही उद्या फुटण्याची शक्यता सारखीच. इतकी वर्षं झाली म्हणून आता नंबर जवळ आला, असं त्याच्या बाबतीत नसतंच. तो थांबून वाट पाहत नाही.

"अन् माणूस?" मी विचारलं.

"माणूस म्हातारा होते, बाई. म्हनून तं अर्धायुष्य त्याले लावायचं नसते. अणूचा डोळा खराब होत नाई. काकाजींचा झाला. तो दुरुस्त होऊन राह्यला तं करून घ्या म्हना."

आयुष्यभर ज्या भिंतीला पाठ टेकवून बसले, ती भिंतच नाही असं कोणी सांगावं, तसे हे बसले होते. मला त्यांची फार दया आली. यादीत आपला नंबर शेवटचा असला तरी माणसाला धीर असतो, की यादी आहे.

उंबऱ्यावरून बयनाबाई चिंचोके डब्यात भरत म्हणाली, "त्या फोटोत मी बी होती."

"कोनत्या?" हे म्हणाले.

"तोच, व्हरांड्यातला. तुमच्या लाइनीच्या शेवटाले."

"तू कुठची? तिथं खांब हाय. तुहं नाव मस्टरवर नव्हतं." तो विषय ह्यांनी तिथेच मिटवला. मीही फोटो आठवून पाहिला. चाळीस वर्षं मी ती काच पुसते आहे. खांबच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मला जाग आली तर हे इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीत बसले होते. शर्ट उलटा घातला होता.

"कुठे निघालात?"

"आदिलाबादले. शिबिर आजच हाय नं?"

होतं. मी मुद्दामच आठवण करून दिली नव्हती. वाद घालायची ताकद संपली होती.

"यादी नाई म्हनते," हे म्हणाले. "मंग वाट कायची पाहायची? अन् लवकर चाल. बस चुकली तं आफ्टरनूनमंदी टाकतीन."

पहिल्या बसने गेलो. ऑपरेशन झालं, आधी उजव्या डोळ्याचं. हिरवी पट्टी, थेंब, आठ दिवस डोक्यावरून आंघोळ नाही. पट्टी निघाल्यावर ह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि खूप वेळ पाहत राहिले.

"काऊन? काय झालं?" मी विचारलं.

"तू केवढी म्हातारी झाली वं," हे म्हणाले.

मी त्यांना तिथेच सोडून येणार होते. पण डॉक्टरांनी सोबत कोणीतरी पाहिजे म्हणून सांगितलं होतं.

मग दसरा आला. हे पहाटेपासून फोनजवळ बसले होते. साडेसहाला फोन वाजला.

"हाय का?" सुधाकरराव.

"हाय. तू?"

"मी बी हाय."

दोघे जिवंत असण्याची तयारी कोणीच केली नव्हती. शेवटी सुधाकरराव म्हणाले, "तो माहा कागद रद्द समज."

"दप्तरी दाखल झाला," हे म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी बयनाबाई आपट्याची पानं घेऊन आली. सोनं दिलं, मी पाया पडायला वाकले तर तिने मलाच धरून उठवलं, आणि सूप न्यायचं म्हणून ओसरीत बसली. हे कपाटातून फोटो काढून उन्हात घेऊन उभे होते. नव्या डोळ्याने सोळा मित्र पुन्हा एकदा नीट पाहायचे होते त्यांना. एकेक नाव घेत बोट सरकत होतं. आठ, नऊ, दहा, मी, सुधाकर. सोळावर बोट आलं, आणि एक बोटभर पुढे जाऊन थांबलं.

"दमयंती," हे म्हणाले, "खांबाले बांगड्या हायेत."

मी पाहिलं. सोळाव्याच्या पुढे, फोटोच्या अगदी काठाशी, एक बाई उभी होती. नऊवारी लुगडं, कमरेवर घागर. सडपातळ आणि ताठ. ओल कडेने शिरून लुगड्याचा रंग भिंतीसारखा झाला होता, पण हातातल्या बांगड्या मोजता येत होत्या. चाळीस वर्षं मी ती काच पुसली, आणि माझ्या डोळ्यांत तर मोतीबिंदूही नव्हता. मला इतकी लाज वाटली की मी बयनाबाईकडे पाहू शकले नाही.

हे खाली बसले. "सतरा होतो आमी," म्हणाले. "सतराचे निम्मे साडेआठ. पयल्यापासून हिशोबच जुळत नव्हता." मग बयनाबाईकडे वळले. "त्या दिवशी तुमी कितीले आल्या होत्या?"

तुमी. आजवर ह्यांनी तिला तू सोडून हाक मारली नव्हती. मी ऐकलं आणि बयनाबाईनेही ऐकलं, कारण ती पदर सावरून जरा सरळ बसली.

"मी? कुलूप कोन उघडे कचेरीचं? सा वाजताच येत जाओ मी. पानी भरून, झाडून झाल्यावर तुमी लोकं येत."

हे उठले, फोटो फ्रेमबाहेर काढला, पेन घेतलं आणि नावांच्या यादीच्या वर, जिथे जागा होती तिथे, लिहिलं. '१. बयनाबाई. रुजू: फोरनून, सकाळी ६.' मग खाली एकेक आकडा खोडून पुढे ढकलत गेले. एकाचे दोन, दोनाचे तीन. चौदा मेलेली माणसं आणि दोन जिवंत, सगळी एकेक पायरी उतरली. अकराचे बारा करताना हात जरा थांबला, पण केलं. मग फोन लावला आणि सुधाकररावांना कळवलं की आपण दोघंही एकेक नंबर खाली आलोय. तिकडून बराच आवाज येत होता. सुधाकरराव अपील करणार होते.

फोन ठेवून हे हात जोडून बयनाबाईसमोर उभे राहिले. "यादीप्रमानं पयला नंबर आता तुमचा हाय," म्हणाले. गंमत करत होते की नव्हते, मला अजून सांगता येत नाही.

"मंग थांबा म्हना नंबराले," बयनाबाई म्हणाली. "माह्या नातसुनेचं बाळंतपन हाय. मले टाइम नाई."

आणि तिने आपलं सूप मागून घेतलं. आमच्याकडे ते दोन आठवडे पडून होतं.